परीक्षकांनी आधी मलाच ऐकलं

मी हातोडी बोलतेय. लगेच खिळे शोधायला उठू नका. भिंतीत खिळा ठोकणारी, चपलेची टाच बसवणारी, वाकडी कडी सरळ करणारी, ती सगळी माझी भावकी. त्यांच्याशी माझं जाणं-येणं नाही. मी तबल्याची हातोडी. वीतभर लांब, नाकीडोळी नीटस, आणि माझा सगळा जन्म गेला तो बेसूर चामड्याला सुरात आणण्यात. माणसांना सुरात आणणंही माझ्या हातात असतं, तर ही गोष्ट एका पानात संपली असती.

माझा जन्म नागपुरातल्याच एका लोहाराच्या भट्टीतला. बैलगाडीच्या चाकाच्या लोखंडी धावेचा तुकडा उरला होता, त्याचं काय करावं म्हणून त्याने मला केलं. तिथून मी सीताबर्डीवरच्या एका वाद्यांच्या दुकानात आले आणि काचेच्या कपाटात, बासऱ्या आणि घुंगरांच्या मध्ये बसून बरेच दिवस मिरवले. एक दिवस एक सडपातळ तरुण तबला-डग्ग्याची जोडी घ्यायला आला. बरीच घासाघीस झाली, दुकानदार काही हटेना. शेवटी तो तरुण म्हणाला, भाव कमी करत नाही तर नका करू, पण वरून काहीतरी द्या. दुकानदाराने मला कपाटातून काढलं आणि जोडीवर ठेवलं. भाजीवर कोथिंबीर टाकतात ना, तशी. हा अपमान मी अजून विसरलेले नाही.

तो तरुण म्हणजे माझा मालक, शालिकराम मेश्राम. जरीपटक्याच्या बाजारात त्याचं शिवणकामाचं दुकान होतं. पुढे मशीन, मागे एक खोली. कापड बेतायच्या टेबलाखाली तबला असे. गिऱ्हाईक नसलं की तबला बाहेर यायचा, आणि गिऱ्हाईक असलं की मालकाचे पाय मशीनच्या पायट्यावर केरवा धरायचे. लय वाढली की शिवणही पळायची. बाजारातले सिंधी दुकानदार त्याच्याकडे पायजमे टाकत, आणि एक पाय दुसऱ्यापेक्षा लांब निघाला की म्हणत, मास्टरजी, कल आप बहुत अच्छे मूड में थे.

वस्तीतल्या बुद्धविहारात पौर्णिमेला भजनं आणि भीमगीतं होत. तिथल्या मंडळात शालिकराम तबल्याला बसे, आणि तिथेच त्याला माझी खरी किंमत कळली. वादन सुरू होण्याआधी जो जितका वेळ ठोकतो, तितका तो मोठा कलाकार ठरतो, हे त्याच्या ध्यानात आलं. तबल्याच्या पोटावरच्या लाकडी गट्ट्याला एक टोला, वरच्या चामड्याच्या गजऱ्याला एक टोला. कान खाली, मान वाकडी, डोळे मिटलेले. मग पुन्हा टोला. समोरचे म्हातारे एकमेकांच्या कानात सांगायचे, पोराचा कान लय बारीक आहे बाप्पा. गाणारे खोकून घ्यायचे, बाया पोरांना गप्प करायच्या, चहा फिरून जायचा, तरी आमची ठोकाठोक चालूच. खरं म्हणजे तबला केव्हाच सुरात आलेला असायचा. पुढचं सगळं लोकांसाठी. मला त्यात काही गैर वाटत नसे. आपल्या कामाचं नाव व्हावं असं कोणाला वाटत नाही?

अशात शालिकरामने रेडिओ स्टेशनात ऑडिशनसाठी अर्ज टाकला. ही गोष्ट त्याने फक्त नत्थूला सांगितली आणि तिथेच तो फसला. नत्थू हा सोयरिकी जुळवणारा माणूस. त्याच्या पोटात काही राहत नसे, आणि जे बाहेर पडे ते आत गेलेल्यापेक्षा मोठं होऊन पडे. तो जवळच्या खापा गावी चंपतराव गजभियांकडे शालिकरामचं स्थळ घेऊन गेला आणि सांगून आला, की पोरगा रेडिओत आहे.

चंपतराव विणकर माणूस. बोलणं कमी, हट्ट जास्त. लेकीचं, म्हणजे वच्छलेचं लग्न ठरलं आणि त्यांनी पहिलं काम केलं ते घरात रेडिओ आणायचं. जावई वाजवणार आणि सासरा ऐकणार नाही, हे कसं चालेल? लग्नात मी शालिकरामच्या कोटाच्या खिशात होते, त्यामुळे सगळं कानांनी ऐकलं. वंदना झाली, हार घातले, आणि चंपतराव मांडवात उभे राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, की आमचे जवाईबापू रेडिओवर असतात. मालकाचं काळीज खिशाशेजारी कसं उडालं ते मलाच ठाऊक. खरं सांगून टाकायची ती वेळ होती. पण नवरदेवाला त्या दिवशी कोण बोलू देतं? लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि टाळ्या वाजल्या की माझ्या मालकाला दुसरं काही सुचत नसे.

वच्छला सासरी आली ती रेडिओवरच्या कलाकाराची बायको म्हणून. तिने विचारलं, तुम्ही तिकडे कोणत्या दिवशी जाता? तो म्हणाला, बोलावणं आलं की जातो. यात खोटं काही नव्हतं.

बोलावणं आलं. शालिकरामने स्वतःसाठी नवा सदरा शिवला, चक्क दोन्ही बाह्या सारख्या. तबल्याची पिशवी सायकलच्या दांडीला, डग्गा मागे, मी खिशात, आणि आम्ही निघालो.

रेडिओ स्टेशनातली ती खोली पाहून मला गुदमरल्यासारखं झालं. भिंतींना भोकाभोकांच्या फळ्या, खाली गालिचा. आवाज गेला की गेला, परत येण्याचं नाव नाही. हवा गार केलेली. समोर माणूस नाही, माणसाची सावली नाही. परीक्षक दुसऱ्या खोलीत बसत. त्यांना उमेदवार दिसत नसे, त्याचं नाव कळत नसे, नुसता नंबर कळे, आणि स्पीकरवर त्याचं वाजवणं ऐकू येई. कोण कोणाचा पाहुणा लागतो हा प्रश्नच नको, म्हणून ही व्यवस्था. साथीला एक सारंगीवाले खाँसाहेब बसले होते. सकाळपासून तेच तेच वाजवून बिचारे आंबून गेले होते. आम्हाला सांगण्यात आलं, लाल दिवा लागला की सुरू करा.

लाल दिवा लागला. शालिकरामने सुरू केलं. म्हणजे मला हातात घेतलं.

टक्. मान वाकडी. टक् टक्. डोळे मिटले. विहारात जे जे करायचा ते सगळं त्याने तिथे केलं, उलट चार टोले जास्तच. खाँसाहेबांनी दिव्याकडे डोळ्यांनी खूण केली. शालिकरामला वाटलं, म्हातारा जाणकार आहे, त्याला आणखी बारीक हवंय. तो पुन्हा पहिल्या गट्ट्यापासून सुरू झाला. खाँसाहेबांनी कपाळाला हात लावला, ती त्याला दाद वाटली. माइक माझ्यापासून हातभर अंतरावर होता. इतकी ठणठणीत मी जन्मात कधी वाजले नव्हते. शेवटी त्याने मला खाली ठेवलं, बोटं मोडली, हाताला पावडर लावली, तबल्याला गळा लागत नाही तरी गळा साफ केला, आणि एक 'धा' मारला.

भिंतीवरच्या स्पीकरमधून आवाज आला, "धन्यवाद. पुढचा नंबर."

आता तुम्हीच सांगा, त्या दिवशी ऑडिशन कोणाची झाली? त्याला दिलेला सगळा वेळ मोठमोठ्या जाणकारांनी, डोळे मिटून, मन लावून मला ऐकलं. त्यांनी मला पास केलं की नाही ते मात्र कोणी कळवलं नाही.

घरी वच्छलेने शेवयांची खीर करून ठेवली होती. शालिकराम वाटीसमोर बसला आणि चमचा नुसता फिरवत राहिला. मग त्याने सगळं सांगून टाकलं. नत्थू, अर्ज, मांडवातल्या टाळ्या, लाल दिवा.

"म्हंजे तुमी रेडिओत नाही?" वच्छलेने विचारलं.

"अजून नाही."

तिने पातेल्यावर झाकण ठेवलं, चूल विझवली. खीर निवून गेली. मग म्हणाली, "मले त्याचं काही नाही. मी काही रेडिओसंग लग्न केलं नाही. पण माहा बाप तिकडं रोज खुर्ची वढून त्या डब्यापुढं बसते. त्याले हे दुसऱ्या कोनी सांगतलं, तं तो गावात मान वर करून चालनार नाही."

"मंग मी काय करू वं?"

"पास व्हा," ती म्हणाली आणि निवलेली वाटी त्याच्यापुढे सरकवली.

तिने रागवावं अशी त्याची अपेक्षा होती. ती रागवली नाही, म्हणून त्याने राग माझ्यावर काढला. या हातोडीनेच माझा घात केला, असं म्हणून मला बटणांच्या डब्यात फेकलं. नाचता येईना, अंगण वाकडं. मी गप्प पडून राहिले. बटणं तरी बरी असतात, कोणाला काही विचारत नाहीत.

नापास झालेल्याला पुन्हा बोलावणं यायला बरेच महिने जात. या मधल्या काळात चंपतराव भेटले की एकच विचारत, जवाईबापू, तुमची वेळ कोणती? शालिकराम म्हणाला, सकाळची असते. म्हातारा पहाटे उठून रेडिओपुढे बसू लागला. काही ऐकू येईना, तेव्हा पुढच्या भेटीत उत्तर मिळालं, आता दुपारची झाली. मग संध्याकाळची. होता होता चंपतराव दिवसभर रेडिओ लावूनच मागावर बसू लागले. बातम्या, बाजारभाव, पेरणीचा सल्ला, बाळंतिणीने काय खावं, सगळं त्यांच्या कानावरून गेलं. खाप्यात कोणाला कापूस आज विकावा की थांबावं हे ठरवायचं असलं, परदेशात कोणाचं राज्य पडलं हे जाणून घ्यायचं असलं, की तो चंपतरावांच्या ओट्यावर येई. म्हाताऱ्याची गावात भलतीच पत वाढली. फक्त जावई तेवढा ऐकू येत नव्हता.

दुसरं बोलावणं आलं ते ऐन मे महिन्यात. मागच्या खेपेला ठोकण्यात वेळ गेला ना, मग या खेपेला ठोकायचंच नाही, असा शालिकरामने निश्चय केला. घरीच तबला सुरात लावला आणि मला डब्यात ठेवून निघून गेला. पुढचं मी ऐकीव सांगते. नागपूरचं ऊन तुम्हाला ठाऊक आहे. त्या उन्हात चामडं ताठ होऊन वर चढलेलं. तसाच तबला त्या गार खोलीत गेला आणि बसल्या बसल्या उतरला. खाँसाहेबांची सारंगी एकीकडे, आमचा तबला दुसरीकडे. लाल दिवा लागलेला. शालिकरामने खिशात हात घातला, मी नाही. पिशवीत हात घातला, तर कापड कापायची कात्री. आणीबाणीच्या वेळी माणूस काय करील सांगता येत नाही. त्याने कात्रीच्या मुठीने गजऱ्याला टोला हाणला. कात्री उघडली, पातं तबल्याच्या ताणलेल्या चामड्याच्या वादीत गेलं, आणि वादी तुटली. तिचा आवाज माइकने फार छान पकडला म्हणतात.

त्या संध्याकाळी तो तुटकी वादी घेऊन घरी आला आणि स्टेशनातल्या गार हवेला, उन्हाला, सारंगीला नावं ठेवू लागला. वच्छला शर्टांना काजं करत होती. तिने त्याला बोलू दिलं. मग विचारलं, ते जाऊ द्या, तिकडच्या खोलीतल्या मानसाईले काय ऐकू गेलं, तेवढं सांगा.

हा प्रश्न शालिकरामला कोणी विचारला नव्हता. त्याने स्वतःलाही विचारला नव्हता. तो बोटांवर मोजू लागला. पहिल्या वेळी काय ऐकू गेलं? ठोकाठोक. दुसऱ्या वेळी? टण्. दोन्ही वेळा त्याचा तबला कोणी ऐकलेलाच नव्हता. म्हणजे तबल्याला अजून कोणी वाईट म्हटलं नाही, असं म्हणून तो एकदम हसायला लागला. लग्न झाल्यापासून तो असा हसलेला मी पहिल्यांदा ऐकला.

दुसऱ्याच दिवशी वच्छलेने मागच्या खोलीत दोरी बांधून आपलं लुगडं आडवं सोडलं. लुगड्याच्या पलीकडे ती काजं-बटणं घेऊन बसणार, अलीकडे तो तबला घेऊन. दोरीवर तिने लाल खणाचा तुकडा टाकला की दिवा लागला असं समजायचं. लागला की लगेच वाजवायचं. मलाही डब्यातून बाहेर काढलं, पण अट घातली की माझं काम दिव्याच्या आधी. आणि सगळ्यात कडक नियम म्हणजे पलीकडून शाबासकी मिळणार नाही.

हाच नियम मालकाला जड गेला. विहारात तीनदा घोळवून समेवर आणलेली तिहाई जमली की लोक वाहवा करत, आणि तो क्षणभर थांबून ती घेत असे. इथे तिहाई घेतली तरी लुगडं आपलं तसंच. तो थांबे, वाट पाही, लय सुटे. एकदा न राहवून त्याने विचारलं, झोपली काय वं? पलीकडून उत्तर आलं, नंबर एक, बोलू नका. लय सुटली की वच्छला थेट त्या स्पीकरच्या आवाजात म्हणे, धन्यवाद, पुढचा नंबर. एकदा ती असं म्हणाली तेव्हा दुकानात एक सिंधी गिऱ्हाईक उभं होतं. ते आत डोकावून म्हणालं, मेरा पजामा हो गया क्या?

पुष्कळ दिवस असं चाललं. हळूहळू मालकाने लुगड्याकडे बघणं सोडलं. हात सुधारला. हे मी उगाच म्हणत नाही, मला चामड्यावरून कळतं. पूर्वी तो लोकांकडे बघून वाजवायचा तेव्हा बोट तबल्याच्या मधल्या काळ्या शाईच्या कडेवर कुठेही पडायचं, आता जिथल्या तिथे पडू लागलं.

तिसऱ्या खेपेला आम्ही मोठ्या तोऱ्यात गेलो. लाल दिवा लागला, त्याने लगेच केरवा सुरू केला. सुरेख. दादरा, सुरेख. मला वाटलं, झालं. तेवढ्यात स्पीकरमधून आवाज आला, झपताल वाजवा. भजनी मंडळात झपतालाचं काय काम? शालिकरामने त्याचं नाव ऐकलं होतं, हात कधी लावला नव्हता. आणि दुकानदाराच्या तोंडून जे निघायचं तेच निघालं, "साहेब, त्याचं गिऱ्हाईक आमच्याकडे येत नाही."

खाँसाहेबांना इतकं हसू फुटलं, की त्यांचा गज सारंगीवरून घसरला.

बाहेर व्हरांड्यात शालिकराम पिशवी बांधत होता. पास होण्याची आशा त्याने सोडली होती, गाठ काही बसेना. खाँसाहेब पान खायला बाहेर आले आणि त्याच्याजवळ थांबले. म्हणाले, "मास्टरजी, यहाँ लोग बरसों से एक ही बात पर फेल हो रहे हैं. आप हर बार नई बात पर फेल होते हैं. ये अच्छी निशानी है." मग पान तोंडात टाकून त्यांनी सांगितलं, शुक्रवारी घरी या, झपताल देतो.

तो पिशवी तशीच धरून उभा राहिला. मला वाटतं, तो आयुष्यात ज्या दिवशी खरा शिकायला लागला, तो दिवस हाच. झपताल, रूपक, एकताल, एकेक करत त्याने घेतले. खाँसाहेबांच्या शेरवान्या शिवून दिल्या, आणि त्या शिवताना मात्र पायट्यावर कुठलाही ताल धरला नाही.

चौथ्या वेळी आम्ही स्टेशनात मुद्दाम लवकर गेलो. तबला गार हवेच्या खोलीबाहेर, जिथे दाराच्या फटीतून वारा येतो, तिथे ठेवला आणि त्याला उतरायचं तितकं उतरू दिलं. मग मी माझं काम केलं, निवांत. आत गेल्यावर दिव्याच्या आधी मालकाने सुराला कान दिला आणि एकच टोला मारला. एकच. इतक्या वर्षांत मला इतकं कमी काम कधी मिळालं नव्हतं, आणि इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. लाल दिवा लागला. त्याने वाजवलं आणि स्पीकरकडे एकदाही पाहिलं नाही. काही आठवड्यांनी तो पास झाल्याचं कळलं. वच्छलेने दोरीवरचं लुगडं काढून धुवायला टाकलं, आणि तोंडात पदर धरून रडून घेतलं.

आता गोष्ट इथे संपायला हवी होती. पण खाप्याचे परीक्षक उरले होते.

स्टेशनात जाऊन कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग झालं आणि प्रसारणाची तारीख त्यानंतरची मिळाली. शालिकरामच्या मनात आलं, आपण ऐकायला खाप्यालाच जाऊ, मामाजींच्या शेजारी बसू. वच्छलेलाही ते पटलं. इतकी हुशार बाई, पण त्या दिवशी आनंदाने तिचीही अक्कल झाकली गेली.

चंपतरावांच्या अंगणात अर्धी आळी जमली. रेडिओ स्टुलावर मांडला. जावयाला बाजेवर सासऱ्याच्या शेजारी मानाने बसवून हातात चहाची कपबशी दिली. निवेदिकेने नाव घेतलं, शालिकराम मेश्राम, तबलावादन. खाँसाहेबांची सारंगी सुरू झाली आणि मागोमाग तबला. मी खिशातून ऐकत होते. खरंच, दृष्ट काढावी असा वाजत होता.

चंपतराव थोडा वेळ रेडिओकडे पाहत राहिले. मग त्यांनी जावयाकडे पाहिलं. मग पुन्हा रेडिओकडे. शालिकराम बशीतला चहा फुंकत होता.

"हे कोन वाजवून राहिलं?" त्यांनी विचारलं.

"मीच आहो, मामाजी."

"तुमी तं इथं चहा पिऊन राहिले."

शालिकरामने समजावलं. आधी वाजवून घेतात, फितीवर भरून ठेवतात, मग सवडीने लावतात. चंपतरावांचा चेहरा कठीण होत गेला. भरून ठेवतात म्हणजे? मग बातम्याही भरलेल्याच का? बाजारभावही शिळेच? त्या डब्याच्या भरवशावर त्यांनी अख्ख्या गावाचा कापूस विकवला होता. त्यातून निघतं ते आत्ताचं आणि ताजं, यावर त्यांची सगळी पत उभी होती. जावयासाठी ते ती मोडायला तयार नव्हते. वच्छला म्हणाली, बाबा, नाव तं यांचंच घेतलं ना. त्यावर ते म्हणाले, नावाचं काय, शालिकराम काय जगात एकच आहे? आणि आळीतल्या लोकांनी माना डोलावल्या. वाजवणारा तिथे स्टेशनात, हा इथे बाजेवर. यात समजायला अवघड काय होतं?

कार्यक्रम संपला. कोणी टाळी वाजवली नाही. चंपतरावांनी रेडिओ बंद केला आणि हळू आवाजात म्हणाले, "जवाईबापू, शिवनकाम काही वाईट नाही. खोटं बोलाची काय गरज होती?"

माझ्या मालकाने इतक्या वेळा नापास होणं पचवलं, पण त्याचा चेहरा असा कधी पडला नव्हता. वर्षानुवर्षं तो खोटं बोलत आला तेव्हा सासऱ्याने विश्वास ठेवला, आणि खरं बोलला त्या दिवशी खोटारडा ठरला. परतीच्या बसमध्ये तो खिडकीकडे तोंड करून बसला. मला फार वाईट वाटलं. मला ठोकता येतं, थोपटता येत नाही.

खापा मागे पडल्यावर वच्छला बोलली. म्हणाली, बाबानं ऐकलंच नाही, तो तुमालेच पाहत बसला होता. तिथले परीक्षक काहून पडद्याआड बसतात, ते मले आज समजलं.

काही महिन्यांनी त्याच कार्यक्रमाचं पुनःप्रसारण असल्याचं कळलं. तीच फीत, पुन्हा एकदा. शालिकराम म्हणाला, आता मले कोनाले ऐकवाचं नाही. वच्छला म्हणाली, तुमी येऊच नका, मी एकटी जातो. आणि ती गेली. त्या संध्याकाळी शालिकराम दुकानातच बसून राहिला. शेजारच्या दुकानातला रेडिओ लागला, नाव घेतलं गेलं, तबला सुरू झाला. त्याने मशीन थांबवलं. माझ्यावर हात ठेवून तो शेवटपर्यंत ऐकत राहिला आणि मधेच एका जागी स्वतःशीच म्हणाला, इथं घाई झाली.

आता माझं वय झालं. अंगावरची चकाकी गेली, तोंडाला खड्डे पडले. मालकाची मुलगी पंचफुला हल्ली तबला शिकते, तिच्याकडे नवी चकचकीत हातोडी आहे. मी पुन्हा बटणांच्या डब्यात आहे, पण या खेपेला फेकलेली नाही, ठेवलेली आहे. यात फरक असतो. भंगारवाल्याची हाक आली की मात्र अजून जीव घाबरा होतो. माझं एवढंच मागणं आहे, की मला त्याच्या हातगाडीवर टाकू नका आणि भिंतीत खिळे ठोकायलाही लावू नका. आणि तुम्ही कधी कशात नापास झालात, तर घरी येऊन आपलं हत्यार फेकू नका. ते बिचारं तुमच्यासोबतच नापास झालेलं असतं.

निरोप घेते. पण त्या पुनःप्रसारणानंतरची सकाळ सांगायची राहिली, ती सांगून जाते.

पहिल्याच बसने वच्छला परत आली, आणि तिच्यामागून चंपतराव. पायरीवर चपला काढून ते दुकानात आले, मशीनसमोरच्या स्टुलावर बसले. पाणी प्यायले. मग पिशवीतून स्वतः विणलेला नवा दुपट्टा काढून त्यांनी जावयाच्या खांद्यावर टाकला.

"काल ऐकलं," ते म्हणाले. "लय साजरा हात आहे तुमचा, जवाईबापू. त्या दिवशी जो कोनी वाजवून राहिला होता ना, त्याचा हात कच्चा होता. तुमची सर नाही त्याले."

शालिकरामने वच्छलेकडे पाहिलं. ती खाली मान घालून एका सदऱ्याला बटण लावत होती आणि तिचे खांदे हलत होते. फीत तीच, तबला तोच, वाजवणाराही तोच. खरं सांगायला त्याने तोंड उघडलं, आणि आज त्याला अडवणारं कोणी नव्हतं. पण म्हाताऱ्याचे डोळे पाण्याने भरले होते. त्याने खांद्यावरचा दुपट्टा नीट केला.

"त्यालेही येईल, मामाजी," तो म्हणाला. "मेहनत करून राहिला तो."

चंपतरावांनी जरा विचार केला. त्यांना त्या अनोळखी माणसाची दया आली असावी.

"मंग सांगजा त्याले," ते म्हणाले, "भेऊ नको म्हना. एका डावात नाही जमलं, तं पुन्हा वाजव म्हना."